नखाची रेघ आणि दोरीवरचा परकर: एका चेहऱ्याचं वर्ष

मॅडमनी टेबलावर पिशवी उपडी केली. किराण्याची साधी कापडी पिशवी, पण आतून एकेक करत कडुनिंबाचा फेसवॉश, सॅलिसिलिक ॲसिडचा दुसरा फेसवॉश, व्हिटॅमिन सीचं सीरम, नायसिनामाइडचं सीरम, टोनर, जेल मॉइश्चरायझर, जेल सनस्क्रीन, अक्रोडाचा खरखरीत स्क्रब, मुलतानी माती आणि गुलाबपाणी अशा दहा वस्तू निघाल्या. अकरावी शिवणीत अडकली होती. ती त्यांनी बोटाने उकरून काढली आणि नाव दिसू नये अशी पालथी ठेवली. शेपटाकडून गुंडाळत आणलेली, अर्धी पिळलेली ट्यूब.

जानेवारीचा तिसरा आठवडा होता. पहाटेचा पारा नऊच्या आसपास आणि दिवसभर उत्तरेचा कोरडा वारा. वय 36, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घर अमळनेरला, शाळा तापीकडच्या एका खेड्यात. स्कूटीवर जाऊन-येऊन 32 किलोमीटर. तक्रार एका वाक्याची: "डॉक्टर, नुसतं पाणी लावलं तरी चेहऱ्याची आग होते."

हे सगळं मॅडमच्या परवानगीने लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. अशा पिशव्या माझ्या टेबलावर दर हिवाळ्यात उपड्या होतात. ही एकच सविस्तर लिहावीशी वाटली, कारण हिच्यात मॅडम चुकल्या तसा मीही चुकलो.

आधीची हकिकत अशी. त्याआधीच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि कपाळावर, हनुवटीवर पुळ्या यायला लागल्या. मॅडमची बहीण मुंबईला असते. तिने आपली यादी पाठवली: दोनदा सॅलिसिलिक ॲसिडने तोंड धुवायचं, सीरम, वर पातळ जेल. महिनाभरात चेहरा स्वच्छ झाला. दिवाळीपर्यंत शाळेतल्या इतर मॅडम "काय लावता हो?" म्हणून विचारत होत्या. मग नोव्हेंबर लागला, गालांवर पांढरी सालं निघू लागली. ज्याने गुण आला ते सोडायचं कसं, म्हणून यादी तशीच चालू राहिली. सालं जास्त दिसतात म्हणून स्क्रब आला. स्क्रबने लाल झालं म्हणून गुलाबपाणी आलं. डिसेंबरात एका औषधाच्या दुकानातून ती ट्यूब आली.

यादीत चूक काहीच नव्हती. मुंबईत डिसेंबरातही लोकलमध्ये घाम येतो. तिथे ती यादी बाराही महिने चालते. आपल्याकडे ती चालते पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, फार तर चार-पाच महिने. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा. हवा कोरडी झाली की शरीरातलं पाणी या भिंतीतून जास्त वेगाने उडून जातं, आणि सॅलिसिलिक ॲसिड चरबीत विरघळणारं असल्याने ते रोज दोनदा थोडा गिलावा खरवडत राहतं. पावसाळ्यात तो गिलावा जास्तच असतो, म्हणून बरं वाटतं. जानेवारीत मुळात कमी असतो, तेव्हा भिंतच उघडी पडते. उघड्या भिंतीला पाणीही झोंबतं.

तपासताना

दोन्ही गाल लाल, तुकतुकीत, वर बारीक साल. नाकाच्या कडेला केसासारख्या बारीक लाल रक्तवाहिन्या. गालाच्या हाडावर फिकट तपकिरी डाग, म्हणजे वांग. (आमच्याकडे वांग म्हटलं की हिवाळ्यात लोकांना भरताचंच आठवतं, मॅडम हसल्या, पण हसताना ओठ फाटले आणि रक्त आलं.) कपाळ मात्र जवळपास ठीक होतं. चेहरा म्हणजे एकच जमीन नव्हे, हे पुढे कामाला आलं.

मी त्यांना साडी घोट्यापासून वीतभर वर घ्यायला सांगितली. नडगीवरची कातडी चैत्रातल्या काळ्या रानासारखी भेगाळलेली होती, बारीक चौकोनांची जाळी आणि भेगांच्या कडा लाल. नखाने हलकी रेघ ओढली. खडूने ओढल्यासारखी पांढरी उमटली आणि तशीच राहिली. चेहऱ्यासाठी आलेल्या बाईचे पाय का पाहायचे? पायांवर यातलं एकही सीरम लागलेलं नसतं. तिथे दिसतो तो निव्वळ हवेचा, आंघोळीच्या पाण्याचा आणि साबणाचा परिणाम. पाय असे असतील तर चेहऱ्याचं अर्धं दुखणं बाटल्यांच्या आधीचं आहे.

पाण्याचं विचारलं. नळाला रोज पाणी नाही, मधले दिवस बोअरचं. बादलीच्या आत पांढरा थर, साबणाला फेस येत नाही म्हणून जास्त साबण, आणि थंडी म्हणून कढत पाण्याने वीस मिनिटं आंघोळ. जड पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि अंगावर बसतो. वर साबणाचा सामू 9 ते 10, त्वचेचा 5 च्या आसपास.

खरवडलेल्या सालीत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली नाही. केसही गळत होते म्हणून थायरॉइडची तपासणी केली, ती ठीक आली.

मग पालथी ट्यूब सुलटी केली. क्लोबेटासोल, म्हणजे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जहाल, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. नायट्याला म्हणून विकतात, प्रत्यक्षात कशालाही देतात. मॅडमनी ती पाच आठवडे रोज रात्री गालांना लावली होती. "दोन दिवसांत एकदम गोरा, गुळगुळीत चेहरा झाला होता हो." होतोच. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, लाली जाते, खाज थांबते. पण कातडी पातळ होत जाते आणि ट्यूब एक दिवस चुकली की आग भडकते, म्हणून माणूस परत लावतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं केलं. मॅडमच्या हातात चिठ्ठी कधीच नव्हती.

निदान दोन ओळींचं: हिवाळ्यात न बदललेल्या दिनक्रमामुळे उघडी पडलेली त्वचा, आणि तिच्यावर स्टिरॉइडचा मारा.

पहिले चार आठवडे

अकराच्या अकरा वस्तू परत पिशवीत. ट्यूब बंद. सकाळी तोंड नुसत्या कोमट पाण्याने, रात्री एकदाच साबणविरहित सौम्य क्लेन्झर. दिवसातून तीनदा सेरामाइडचं (म्हणजे त्या गिलाव्यातलीच चरबी असलेलं) जाड, बिनवासाचं क्रीम, आणि झोपताना गालांवर त्याच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. जेली स्वतः ओलावा देत नाही, आहे तो उडू देत नाही; म्हणून ती कोरड्या कातडीवर न लावता क्रीमवर लावायची. आंघोळ कोमट पाण्याने सात-आठ मिनिटं, साबण काखेत, जांघेत आणि पावलांना तेवढाच, आणि टॉवेलने टिपून अंग ओलसर असतानाच क्रीम. पायांच्या भेगा बुजल्यावर 10 टक्के युरियाचं लोशन. आधी लावलं तर झोंबतं. आठवडाभराने रात्री टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टिरॉइड नसलेलं मलम, स्टिरॉइड सुटताना आधार म्हणून.

सनस्क्रीन पहिले चार आठवडे दिलं नाही. मॅडमना आश्चर्य वाटलं, पण त्या गालांवर काहीही लावलं तरी झोंबलं असतं. सुती स्कार्फ बांधा म्हटलं. दोन घ्या आणि रोज धुवा. घाम आणि धूळ खाल्लेला, पेट्रोलचा वास येणारा तिसऱ्या दिवसाचा स्कार्फ गालावर घासत सोळा किलोमीटर जाणं हाही एक स्क्रबच.

ट्यूब सोडल्यावर चेहरा आधी बिघडेल, हे मी सांगितलं होतं. तरी सहाव्या दिवशी रात्री फोन आला. आवाज रडवेला. "आधीपेक्षा लाल झालंय. उद्या शाळेत कशी जाऊ?" मी म्हटलं, "ट्यूब हाताशी आहे का?" थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग "आहे". "लावली?" "नाही. झाकण उघडलं होतं." त्या रात्री त्यांनी थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली. या सगळ्या प्रकरणात औषधापेक्षा जास्त काम त्या न लावलेल्या ट्यूबने केलं असं मला वाटतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्या आल्या तेव्हा आग थांबली होती, साल नव्हती, नडगीवरची जाळी पुसत आली होती. लाली निम्म्यावर. सनस्क्रीन सुरू केलं: झिंक ऑक्साइडचं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं. ती छटा आयर्न ऑक्साइडची असते, आणि वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. साधं पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. प्रमाण दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि 50 एसपीएफची बाटली वर्षभर पुरवतात.

माझा कागद

बाकीच्या वर्षासाठी मी एक कागद लिहून दिला. असे कागद लिहायला मला आवडतं. चार रकाने, वर महिने. फेब्रुवारी-मार्च: जाड क्रीम. एप्रिल-मे: फक्त जेल. जून ते सप्टेंबर: जेल, सॅलिसिलिक आठवड्यातून तीनदा. ऑक्टोबरपासून परत जाड.

मार्चच्या पहिल्याच आठवड्यात मॅडम परत. कपाळावर आणि गालांच्या कडेला बारीक पांढरट गाठी, मानेला घामोळं. फेब्रुवारी सरता सरता खान्देशात दुपार पस्तिशीला टेकते आणि पहाट अजून तेरा-चौदावर असते. एका दिवसात वीस अंशांचा फरक. माझा कागद पहाट पाहून लिहिलेला होता, मॅडम दुपारी दीड वाजता स्कार्फ गुंडाळून उन्हात स्कूटी चालवत होत्या. "कागदावर मार्चपर्यंत जाड लिहिलंय ना, म्हणून लावत होते." मी मार्च खोडून तिथे 'जेल' लिहिलं. म्हणजे चूक सुधारली नाही, पुढे ढकलली.

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) मे महिन्यात तिसरी फेरी. पारा चव्वेचाळीसला. आता गाल परत ओढलेले, तोंडाच्या कडेला साल, आणि नाक-कपाळ मात्र तेलकट चमकणारं. उन्हाळा म्हणजे तेलकट त्वचा, हे वाक्य मी स्वतःही कित्येकांना सांगत आलो होतो. मुंबई-पुण्याच्या कॉलेजात शिकल्याचा परिणाम असावा. आमचा मे दमट नसतोच. दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते. भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखा वारा लागतो. घाम कपाळावर दिसायच्या आत उडतो आणि मीठ ठेवून जातो. तेलाच्या ग्रंथी उष्म्याने जोरात चालतात, म्हणून नाक चमकतं. गालांवर त्या मुळात कमी, तिथलं पाणी वारा नेतो. फक्त जेल लावलेले गाल उघडेच राहिले.

या खेपेला मॅडमच्या सासूबाई सोबत होत्या. त्यांचं काही दुखत नव्हतं. बोरी नदीच्या पात्रात यात्रेच्या बाजारात जायचं होतं, वाटेत थांबल्या होत्या. मी कागदावरचा मे खोडायला लागलो तसं त्यांनी सुनेला विचारलं, हे काय लिहितात? मॅडमनी सांगितलं, कुठल्या महिन्यात काय लावायचं ते. म्हातारी माझ्याकडे वळली.

"भाऊ, बिबड्या काय महिना देखीसन करतस का? हवा देखीसन करतस."

खान्देशाबाहेरच्यांसाठी: बिबड्या म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड, उन्हाळ्यात गच्चीवर, खाटेवर धोतर पसरून घालतात. आदल्या दिवशी बाया आभाळ बघतात, वारा कसा आहे बघतात. ढग असले तर चैत्र असो की वैशाख, बिबड्या घालत नाहीत. घातल्या तर दुसऱ्या दिवशी चिवट निघतात आणि वास मारतात. हवेत पाणी किती आहे हे ओळखण्यात त्या घरात चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि मी महिन्यांचे रकाने आखत बसलो होतो.

महिने नसलेला कागद

जुना कागद फाडला. नवा लिहायला अर्धा तास लागला आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी सासूबाईंनी सांगितल्या.

दर आठवड्याला एकदा, आंघोळीच्या आधी, नडगीवर नखाने रेघ. पांढरी उमटून राहिली तर अंगाला लोशन आणि गालांना क्रीम, मग महिना कुठलाही असो. रेघ लगेच विरली तर एक पायरी पातळ. दुसरी खूण दोरीवरची. सुती परकर अर्ध्या तासात वाळला तर हवा तहानलेली आहे, गाल झाकायचे. संध्याकाळपर्यंत ओलाच राहिला, दुसऱ्या दिवशी कुबट वास आला, तर हवेत पाणी भरपूर. मग जेल पुरे, आणि लक्ष घामाकडे. कपाळ आणि नाकाला क्रीम वर्षातून फक्त कडाक्याच्या थंडीत, तेही ओढल्यासारखं वाटलं तर.

कूलरचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मॅडम रात्री कूलरसमोर झोपतात. बाहेर वीस टक्के आर्द्रता आणि त्या खोलीत ओल्या गवतातून आलेली दमट हवा. पहाटे उशीसुद्धा ओलसर लागते. म्हणजे मे महिन्यात त्यांची त्वचा दिवसा वाळवंटात आणि रात्री कोकणात. रात्री जाड, दिवसा हलकं, हा जो सगळीकडचा सल्ला आहे तो इथे उलटा करावा लागला: सकाळी निघताना गालांवर लोशन आणि वर सनस्क्रीन, रात्री कूलर चालू असेल तर जवळपास काही नाही. रात्री जेली लावून कूलरसमोर झोपलं की मानेला घामोळं येतं, हे त्यांनी आधी अनुभवलंच होतं. कूलर बंद करायची रात्र आली की क्रीम परत रात्रीकडे.

पाऊस

पावसाळा लवकर सांगून टाकतो, कारण तो बरा गेला. जूनमध्ये पहिल्या दोन पावसांनी हवा भरली, परकर वाळेना, कागदाप्रमाणे मॅडमनी स्वतःच क्रीम थांबवून जेल घेतलं आणि बहिणीच्या यादीतलं सॅलिसिलिक आठवड्यातून दोनदा सुरू केलं. पुळ्या आल्या नाहीत.

जुलैत पाठीवर आणि केसांच्या रेषेवर खाजऱ्या, एकसारख्या बारीक पुटकुळ्या आल्या. मॅडमना वाटलं मुरुमं. मुरुमं सहसा खाजत नाहीत आणि इतकी सारखी नसतात. ही मालासेझिया नावाच्या, प्रत्येकाच्या अंगावर असणाऱ्या बुरशीची करामत. तिला तेल आवडतं, रेनकोटखालचा घाम आवडतो. मॅडम रोज सकाळी डोक्याला भरपूर खोबरेल लावून निघत होत्या आणि ते ओघळून कपाळावर येत होतं. तेल आदल्या रात्री लावून सकाळी धुवायचं ठरलं, आणि बुरशीवरचा केटोकोनॅझोलचा शॅम्पू पाठीला पाच मिनिटं लावून धुवायचा. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणापर्यंत पाठ साफ होती. त्याच सुमारास परकराच्या नाडीखाली गोल लाल चट्टा उठला, तोही त्यांनी दुकानात न जाता दाखवायला आणला. तो नायटा होता. पूर्ण औषध घेतलं, नाडी रोज बदलली, गेला.

परत जानेवारी

डिसेंबरात मॅडमचा मेसेज आला: "रेघ उमटली. क्रीम सुरू." बाकी काही नाही. मी कागदावर ऑक्टोबर लिहिला होता. त्या वर्षी ऑक्टोबरभर त्यांना घाम येत होता, रेघ दिवाळीनंतरही बऱ्याच दिवसांनी उमटली.

जानेवारीत वर्षाची तपासणी. गाल मऊ, साल नाही, आग नाही. वांग फिकट झालाय, गेला नाही. तो इतक्यात जाणारही नाही. नाकाच्या कडेच्या रक्तवाहिन्या तशाच आहेत. स्टिरॉइडने रुंदावलेल्या काही वाहिन्या परत आकसत नाहीत. त्यासाठी लेझर आहे, पण मॅडमना त्याची घाई नाही. पिशवीत या वेळी चार वस्तू होत्या: क्लेन्झर, क्रीम, जेल, सनस्क्रीन. जेलच्या बाटलीवर रबर गुंडाळलं होतं. ते लागलं असलं की ती बाटली सध्या वापरायची नाही, अशी घरातली खूण.

निघताना मी सहज विचारलं, "ती ट्यूब शेवटी फेकलीत ना?"

मॅडम दारात थांबल्या. "मी नाही लावली हो एकदाही. पण सासूबाई... टाचांच्या भेगांना लावतात. त्यांना बरं वाटतं म्हणतात."

"किती दिवस?"

"दिवाळीपासून. दुसरी आणलीय."

सोमवारी त्यांना घेऊन या म्हटलं.